खिडकीतला शिवणवर्ग

इंदू दारात उभी राहिली तेव्हा मी गहू निवडत होते. आम्ही सातपूरला राहायला आल्यापासून जुन्या गल्लीतलं कुणी असं भरदुपारी, न कळवता यायचं नाही. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. "शकूवहिनी गेल्या," म्हणाली, आणि जरा थांबून, "आज खिडकीच उघडली नाही गं त्यांनी..." सकाळी दोघी-तिघी बायका नेहमीसारख्या खिडकीशी जमल्या, हाका मारल्या, दाराकडे गेल्या, तर दाराला रोजच्यासारखं बाहेरून कुलूप. किल्ली ओझरला, विमानाच्या कारखान्यात, त्यांच्या नवऱ्याच्या, वसंतभाऊंच्या खिशात. शेवटी इंदूनंच घरातून वरवंटा आणला. ज्या कुलपाला वळसा घालून आमची सगळ्यांची इतकी वर्षं गेली, ते दुसऱ्या घावाला निखळून पडलं. वहिनी मशीनपाशीच होत्या, स्टुलावरून कलंडलेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कुणी जवळ असतं तरी उपयोग नव्हता. असेल तसं. मला ते अजून पटलेलं नाही आणि पटवून घ्यायची माझी तयारीही नाही.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. पंचवटीच्या बाजूला, आग्रा रोडपासून आत, बैठ्या घरांची एक ओळ होती. सकाळी कारखान्याची बस रस्त्यावर थांबायची आणि त्या सुमाराला शेजारच्या दारातून एक आवाज यायचा, कडी सरकल्याचा आणि मग कुलूप दाबल्याचा. आधी मला वाटलं, घरात कुणी नसेल. पण आतून तर भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी साखर संपली म्हणून सांगावं इतक्या सहजपणे सांगितलं, की वसंताच्या आईला भ्रम झालाय, ती घर सोडून निघून जाते, एकदा रामकुंडावर यात्रेकरूंच्या गर्दीत सापडली, म्हणून तो जाताना कुलूप लावतो. आणि सूनबाई? "ती आहे ना आत, म्हातारीला बघायला." मागच्या बाजूला न्हाणीघर होतं, संडास होता, उंच भिंतीचं इवलंसं अंगण होतं. काही कमी नव्हतं, असंच सगळे म्हणायचे. दिवेलागणीला वसंतभाऊ यायचे, कुलूप काढायचे, येताना भाजी, दळण, सगळं आणायचे. आवाज कधी चढला नाही, हात कधी उगारला नाही. गल्लीत त्यांचं नाव चांगलं होतं आणि तिथेच सगळी अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

वर्ग सुरू झाला तो माझ्यामुळे, असं वहिनी म्हणायच्या. मला दिवस गेले होते आणि साधी हातशिलाईसुद्धा धड येत नव्हती. वहिनींचं माहेरून आलेलं पायाचं मशीन उजेडासाठी खिडकीशी मांडलेलं असायचं. मी एकदा धीर करून गजांपाशी उभी राहिले आणि टोपरं कसं शिवतात ते विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्यामागे गल्लीत, कुणी बघतंय का, असं पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी रुमाल शीक. चार बाजू सरळ दुमडता आल्या की टोपरं आपोआप येतं." दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर इंदू आली. ती समोरच्या घरातली, दुपारच्या शाळेत शिकवायची, म्हणून सकाळी मोकळी. मग आणखी दोघी आल्या. नळाला पाणी यायच्या आधीचा तेवढा वेळ आम्ही बाहेर ओट्यावर उभ्या, वहिनी आत स्टुलावर, आणि मध्ये गज.

म्हणून त्यांनी शिकवलं ते सगळं छोटं. उभ्याउभ्या होईल, चुकलं तर उसवायला वेळ लागणार नाही आणि नळ आला की पदरात खोचून पळता येईल, असंच त्या निवडायच्या. रुमाल, भाजीची पिशवी, उशीचा अभ्रा, टोपरं, झबलं. परकराच्या पलीकडे आमची मजल गेली नाही. आम्ही बाहेर धावदोरा घालायचा आणि कापड गजांतून आत द्यायचं. वहिनी त्यावरून मशीन मारायच्या आणि परत बाहेर द्यायच्या. कात्री, खडू, टेप असंच आत-बाहेर चालायचं. मशीनला मात्र आमच्यापैकी कुणाचाच हात लागला नाही. गजांतून हात कोपरापर्यंत जायचा आणि मशीन त्याच्या वीतभर पुढे. इंदूच्या घरी जयंतीला गल्लीभर खीर वाटायचे. वाटी गजांतून आडवी जात नाही म्हणून वहिनींची खीर नेहमी फुलपात्रातून जायची. असल्या गोष्टींची आम्हाला इतकी सवय झाली होती, की एखादीच्या घरची पाहुणी तोंडाला पदर लावून बघत राहिली तर आम्हालाच तिचं नवल वाटायचं.

झबल्याची गोष्ट सांगायलाच हवी. बाळाचं पहिलं झबलं जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतराचं करतात. एक पाती दुसरीवर येते आणि काखेखाली बंदांची गाठ. वहिनी ते स्वतःच्या छातीशी धरून दाखवायच्या, ही पाती वर, ही खाली, गाठ इथे. आम्ही समोर उभ्या राहून आरशात बघावं तसं बघायचो आणि तसंच करायचो. त्या वर्षी आमच्या गल्लीत चार-पाच बाळंतपणं झाली आणि सगळ्या पोरांनी आमची झबली घातली. कुणाला काही वावगं दिसलं नाही. मग इंदूच्या बाळंतपणाला तिची आई पिंपळगावहून आली. म्हातारीनं नातीला झबलं घालायला घेतलं आणि तिचा हात अडला. झबलं उलटंसुलटं करून बघितलं. "कुनी शिवलंय हे? पाती उलटी हाय. गाठ डाव्या अंगाला पायजे, ही उजवीकडं आलीय." मग तिनं माझ्या मुलाचं बघितलं, तेही उलटं. शेजारचं, तेही. "लय शिकल्यात पोरी," एवढं बोलून ती हसायला लागली. आम्हीही पोट धरून हसलो. गल्लीतली अख्खी एक पिढी उलटी बांधली होती आम्ही.

हसतच खिडकीशी गेलो आणि वहिनींना सांगितलं. त्याही हसल्या, डोळ्यांना पाणी येईस्तो हसल्या. मग झबलं छातीशी धरून बघितलं, आणि आमच्याकडे बघितलं. "तुम्ही समोर उभ्या राहता ना, म्हणून. शिवण शेजारी बसून शिकवायचं असतं," म्हणाल्या. "माझ्या आईनं मला शेजारी बसवलं होतं..." आतून त्यांच्या सासूनं हाक मारली आणि त्या उठून गेल्या.

त्याच आठवड्यात इंदू आणि मी वसंतभाऊंना भेटलो. किल्ली आमच्याकडे ठेवा म्हटलं, दोघींपैकी एक कायम दारात असते, म्हातारीला बाहेर जाऊ देणार नाही, वहिनींना तेवढाच मोकळा श्वास. त्यांनी आम्हाला बसायला दिलं, चहा करायला सांगितला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी कपबशा घेऊन थांबल्या होत्या. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. किल्ली आली नाही. पुन्हा विचारलं तेव्हाही "बघू"च. नाही म्हटलं असतं तर निदान त्या वाट तरी बघत बसल्या नसत्या. पण दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी एक केलं. झबलं दाखवताना त्या स्वतः उलटं धरायला लागल्या. वरची पाती खाली, गाठ स्वतःच्या उजव्या काखेखाली, म्हणजे समोरून बघणारीला ते सुलटं यावं. नमुने कापायचे तेही उलटे, शिवायचे तेही उलटे. एकदा मी म्हटलं, वहिनी, तुमचा हात बिघडेल अशानं. म्हणाल्या, "बिघडू दे. मी कुणाला घालायचंय?" त्यांना मूल नव्हतं. त्यानंतर गल्लीतलं एकही झबलं चुकलं नाही.

पुढे आम्ही सातपूरला गेलो आणि मग वसंतभाऊंची आई वारली. मी संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा मनात एकच विचार होता, आता दार उघडं राहील. तेरावा झाला, वसंतभाऊ कामावर रुजू झाले आणि पहिल्याच सकाळी कडी सरकली, कुलूप दाबलं गेलं. इंदूनं हे सांगितलं तेव्हा मला खोटं वाटलं. मी वहिनींनाच विचारलं. त्या सुई ओवत होत्या. "विचारलं मी," म्हणाल्या. "म्हणतात, कुलूप लावल्याशिवाय बसमध्ये त्यांचं मन थाऱ्यावर राहत नाही. सवय झालीय त्यांना." दोरा सुईत जाईना म्हणून त्यांनी तो माझ्याकडे बाहेर दिला. मी ओवून दिला. मला राग आला होता, आणि तो राग त्यांच्यावरही होता, हे कबूल करायला हवं. इतकं निमूट कसं राहवतं माणसाला...

एकच दुपार वेगळी गेली. मी नाशकात कामाला आले होते, सहज गल्लीत डोकावले, तर कुलूप कडीत नुसतं लटकत होतं, दाबायचं राहून गेलेलं. मी खिडकीशी जाऊन सांगितलं. वहिनींचा विश्वास बसेना. मी कुलूप काढलं, कडी काढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भरदिवसा त्या घरात शिरले. त्या उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. चपला नव्हत्या त्यांच्याकडे. होत्या त्या कधीच्या झिजल्या, नव्या आणायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी माझ्या काढून दिल्या. मोठ्या होत होत्या, तरी घातल्या आणि नळापर्यंत चालत गेल्या. नळाला हात लावला आणि परत आल्या. "खिडकीतून जवळ वाटतो," म्हणाल्या. मी वाट बघत होते, आता पुढे जातील, रस्त्यापर्यंत, माहेरी, कुठेही. मी सोबत गेले असते. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर नीट जोडून ठेवल्या आणि स्टुलाशेजारी माझ्यासाठी पाट ठेवला. "ये. आज शेजारी बस."

मी बसले. मशीनवर पाय ठेवला, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला, आम्ही हसलो. मग झबलं घेतलं, आणि गंमत म्हणजे मला ते जमेना. आयुष्यभर समोरून शिकलेली मी, शेजारून सगळंच फिरलेलं. त्यांनाही जमेना, त्यांचा हात उलट्यावर बसलेला. दोघी मिळून एक साधं झबलं कापू शकलो नाही. उन्हं कलायला लागली तशा त्या सारख्या दाराकडे बघायला लागल्या. "जसं होतं तसंच अडकव हं," एवढंच म्हणाल्या. मी बाहेर आले, कडी घातली, कुलूप होतं तसं लटकतं ठेवलं. वसंतभाऊ काही बोलले नाहीत म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मात्र कुलूप दाबलं की ते एकदा ओढून बघायला लागले. तो आवाज गल्लीभर ऐकू जायचा.

परवा, महिना होऊन गेल्यावर, मी आणि इंदू पुन्हा तिथे गेलो. वसंतभाऊ कामावर जातात. त्यांनी नवं कुलूप आणलंय, आधीच्यापेक्षा मोठं, आणि रिकाम्या घराला ते रोज लावतात, ओढून बघतात आणि बस पकडतात. इंदूनं त्यांना आधीच विचारलं होतं, मशीन आम्हाला द्याल का, गल्लीतल्या पोरींना शिकवू. ते म्हणाले, बघू. घर कोंदट होतं म्हणून खिडकी उघडी ठेवतात. आत सगळं तसंच आहे, स्टूल तेवढं कुणीतरी उचलून उभं केलेलं. सुईखाली वहिनींनी शेवटचं घेतलेलं झबलं अजून आहे. पाती उलटी, एक बंद लावलेला उजव्या बाजूला, दुसरा लावायचा राहिलेला. त्या सकाळी येणार होती ती कुणी नवी मुलगी असेल, तिला सुलटं दिसावं म्हणून. मी गजांतून हात घातला. कोपरापर्यंत गेला.