बर्फातली पात

माझी शेवटची पोस्टिंग बर्फातल्या एका उंच चौकीवर होती. मी किन्हीराजाचा आणि माझ्या सेक्शनमधला नाईक नामदेव केनवडचा. एवढ्या लांब आपल्या वाशीमचा माणूस भेटला की अर्धी थंडी तिथंच पळते. मी हवालदार, पण आसपास कुणी नसलं की तो मला भाऊ म्हणायचा.

रोज सकाळी पेट्रोलिंग असायचं. दोन जवानांमध्ये भरपूर अंतर ठेवायचं, हा पहिला नियम. घोळक्याला एकच गोळा पुरतो. कुणी जवळ सरकलं की सुभेदारसाहेब ओरडायचे, "बंच मत करो!"

चौकीतल्या एका कॅलेंडरवर जुन्या लढाईचं चित्र होतं. ते पाहून नामदेवला हसू यायचं.

"भाऊ, हे येडे असे खांद्याले खांदा लावून काहून उभे हायेत? झाडामांगं लपाले काय झालं होतं?"

ट्रेनिंगमध्ये उस्तादांनी सांगितलेलं मी त्याला सांगितलं. तेव्हाची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला वेळ खायची, आणि लांबचा नेम तर लागायचाच नाही. एकट्याची गोळी वाया जायची. सगळ्या रांगेनं एकदम झाडली तर समोर काहीतरी पडायचं. धुरात दिसायचं काही नाही, हुकूम आवाजानं नाहीतर ढोलानं पोचायचा. सुटा माणूस घोडेस्वाराच्या तावडीत सापडायचा.

"आन् दोन्ही बाजूले आपला माणूस असला का कोनी पळत नाही," मी म्हणालो.

"मंजे निंदनाची पातच हाय ना! बाया आपापल्या ओळीचं तास धरून एका रांगेत निंदत जातात. एक मांगं राह्यली त बाजूवाली तिचं तास निंदते, पन तिले संगं घेते."

"तसंच समज."

दुसऱ्या दिवशी पेट्रोलिंगवर असताना वरच्या उताराचा बर्फ सुटून अंगावर आला. अंतर ठेवून चालत होतो म्हणून बाकीचे वाचलो. जवान सेल्वम आणि नामदेव बर्फाखाली गेले. रेडिओ माझ्याकडे होता.

"अल्फा, मैं ब्रावो. एव्हलांच. दो आदमी दबे हैं. ओवर."

"ब्रावो, मदद भेज रहे हैं. ढूँढते रहो. आउट."

सुभेदारसाहेबांनी हुकूम दिला, "क्लोज अप! कंधे से कंधा!"

आम्ही रांग धरली. हातातली लांब सळई बर्फात खुपसायची, काही लागलं नाही तर हुकमासरशी सगळ्यांनी एक पाऊल पुढं. मध्ये फट राहिली तर माणूस त्या फटीतच राहणार. उतार पुन्हा सुटेल, ही भीती प्रत्येकाला होती. मला तर फार होती. पण दोन्हीकडून खांदे लागलेले होते, आणि कुणी रांग सोडली नाही.

सेल्वम सापडला. खोकला आणि आधी रायफल कुठं आहे ते विचारू लागला. नामदेव सापडला तेव्हा उशीर झाला होता. मी तिथंच रडलो.

आता पेन्शन आहे, थोडं शेत आहे, मी सुखात आहे. दर वर्षी सोयाबीन निंदायला आला की बायकोला घेऊन केनवडला नामदेवच्या शेतात जातो आणि बायांच्या बरोबरीनं पात धरतो. गुडघे काही साथ देत नाहीत.

"हवालदार मांगं राह्यले वो!" बाया हसतात. मलाही हसू येतं.

शेजारच्या तासाला नामदेवची आई असते. ती हात लांबवते आणि माझ्या तासातलं गवत उपटते.

"चाल बाबू," ती म्हणते, "संगं चाल."