सोमवारचा अंगठा

नेकनूरहून रोज एसटीनं बीडला जाऊन मी एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचो. रुग्णांचे कागद स्कॅन करून ठेवायचे, एवढंच काम. स्कॅनर फाइलींना नुसते आकडे द्यायचा, मग कुणाचा कागद कुठला ते सापडायचं नाही. म्हणून मी सात-आठ ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं आपोआप पाळायच्या सूचना, लिहिली. ती प्रत्येक फाइलची प्रत रेकॉर्डच्या फोल्डरात टाकायची आणि प्रतीच्या नावात मी टाइप केलेला रुग्णाचा नंबर, स्कॅनची तारीख आणि वेळ घालायची. प्रत छापली की तेच नाव कागदाच्या तळाशी यायचं. मूळ फाइल जागेवरच राहायची. लई अभिमान होता मला तिचा.

ऊसतोडीच्या बायकांच्या गर्भाच्या पिशव्या काढायची ऑपरेशनं तिथं फार व्हायची. एकदा डॉक्टरांनी बोलावलं.

"संमतीचे कागद ऑपरेशननंतरचे दिसतायत," चहा पीत ते म्हणाले. "सगळे दोन दिवस मागं घे."

"सर, अंगठे नंतरच घेतलेत."

"तुला विचारलंय का?"

मी स्क्रिप्टची एक ओळ बदलली, की संमतीच्या कागदांवर दोन दिवस आधीची तारीख पडावी. पाच मिनिटंही लागली नाहीत. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

महिन्याभरानं शिरूर कासारकडची एक बाई आली. तिशीचीही नसेल. ओटीपोट दाबून उभी होती.

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय. माजे कागद द्या, दादा."

मी संमतीचा कागद छापला आणि सवयीनं तळाची वेळ मोठ्यानं वाचली. सोमवार, दुपारी तीन.

"सोमवारी कसं? सोमवारी मी फडावर ऊस तोडीत व्हते. बुधवारी आणलं मला. अंगठा तर टाके घातल्यावर घेतला. धड सुद बी नव्हती."

ती भांडत नव्हती. माझी लिहिण्यात चूक झाली असेल, असंच तिला वाटत होतं. मला स्वतःची शिसारी आली.

मी स्कॅनरची मूळ फाइल उघडली; तिच्यात खरी वेळ तशीच होती. बुधवार, दुपारी तीन. ती वेळ कागदावर छापून दोन्ही कागद तिच्या हातात दिले.

"ताई, हा खरा. पहिला खोटा, आणि तो मीच केलाय. दोन्ही जपून ठेवा."

तिनं कागद पदराखाली घेतले आणि ती गेली.

त्याच दिवशी मी काम सोडलं. पुढं तिच्या भावानं तक्रार केली. चौकशीला आलेल्या साहेबांना मी ती ओळ दाखवली.

"कळत होतं, तर केलं कावून?" त्यांनी विचारलं.

चौकशी अजून चालूच आहे. डॉक्टरांच्या दारात बायका तशाच बसलेल्या असतात. मी त्या रस्त्यानं जात नाही.