कोणाले नाही द्यायचं?

कंपाउंडर काकांनी उजव्या हाताची तीन बोटं वर केली की माझी झडती सुरू व्हायची. एका बरोबर उत्तराला एक बोट मिटायचं. तिन्ही मिटली की सुटका. पण तिसरं बोट बहुतेक वेळा तसंच ताठ उभं राहायचं, आणि काका ते माझ्या नाकासमोर धरून गिऱ्हाइकाशी बोलत राहायचे.

जरीपटक्याच्या बाजारातल्या एका औषधांच्या दुकानात काका पंचवीस-तीस वर्षं उभे होते. फार्मसीची पदविका घेऊन मी तिथं कामाला लागले, तेव्हा एक्झिट परीक्षा बाकी होती. ती पास झाल्याशिवाय नोंदणी नाही, आणि नोंदणीशिवाय मी फार्मासिस्ट नाही. बाबा कामठीला लूमवर कापड विणायचे. घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, तीही मराठी शाळेतून. सकाळी शेअर ऑटोत नोट्स मांडीवर घेऊन बसायचे. ऑटो दुकानापाशी पोचेपर्यंत दहा औषधं पाठ व्हायची आणि काकांपुढं उभी राहिले की आठ उडून जायची.

"प्रोप्रॅनॉलॉल," काका म्हणायचे.

"बीटा ब्लॉकर. नॉन-सिलेक्टिव्ह. रक्तदाब, मायग्रेन..."

"कोणाले द्यायचं ते डाक्टर लिहिते. तू सांग, कोणाले नाही द्यायचं?"

"दमेकऱ्याले."

"दुसरा?"

"ज्याची नाडी आधीच हळू चालते त्याले."

"तिसरा?"

मी पिशवीतल्या नोट्सकडं हात नेला.

"साखरेच्या औषधावर आहे त्याले विचारून देजो. साखर उतरली का छाती धडधडते, तवा माणूस सावध होते. ही गोळी धडधडच दाबून टाकते. काय वाचून राहिली वं तू?"

मी काय वाचत होते? वर्गीकरण, मात्रा, अर्धायुष्य, कायद्याची कलमं. परीक्षेला हे सगळं होतं आणि काकांना यातलं काहीच नको होतं. एखादं औषध अंगात निम्मं व्हायला किती वेळ लागतो, ते अर्धायुष्य सांगितलं की ते विचारायचे, "हे कोण्या पेशंटच्या कामाचं?" मी चिडून म्हणायचे, "पेशंटच्या नाही काका, परीक्षेच्या!" त्यांच्यामुळं माझा वेळ वाया जातो, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. पाठांतरासाठी मी दुकानातल्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, तर दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या सोलून काढल्या. "गिऱ्हाईक वाचते आन् स्वतःच डाक्टर होते. चिठ्ठ्या घरी लाव."

गिऱ्हाइकालाही तीच झडती. एकदा एक भाजीवाला डोकेदुखीची गोळी मागायला आला.

"कोणाले?"

"मलेच."

"डोकंच दुखते का आणखी काही त्रास आहे?"

"आणखी बायको आहे."

"तिच्यावर औषध नाही आलं अजून. पोटात जळजळते का, ते सांग."

मागं रांग लागलेली, मी कातावलेली, आणि काका त्या माणसाच्या पोटाची चौकशी करण्यात रमलेले.

दुपारी डबा झाला की काका स्वतःची रक्त पातळ करायची गोळी घ्यायचे. आदल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता, तेव्हापासून दुखण्यावरच्या बहुतेक गोळ्या त्यांना बंद होत्या. मग स्पिरिटचा बोळा घेऊन ते भिंतीवरच्या फ्रेमची काच पुसायचे. फ्रेममध्ये दुसऱ्याच एका माणसाचं नोंदणी प्रमाणपत्र होतं. तो माणूस दुकानात यायचा नाही. फक्त त्याचा कागद भिंतीवर असायचा. काका त्याला 'ते साहेब' म्हणायचे. काउंटरवर उभे काका, आणि कागदावर हजर ते साहेब. कायद्यानं हे चालायला नको, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते चाललं होतं.

पहिल्या वेळी मी नापास झाले. दोन पेपर निघाले, एक थोडक्यात राहिला, आणि नियम असा की तिन्ही एकाच वेळी निघायला हवेत. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी मी काकांवर ओरडले. "तुमच्या त्या तीन माणसांपायी माझं वर्गीकरण राहिलं! तुम्हाले काय, तुम्हाले कधी परीक्षा द्यावी लागली?"

काका स्ट्रिप कापत होते. एक्सपायरीच्या तारखेची बाजू नेहमीसारखी त्यांनी शाबूत ठेवली. मग म्हणाले, "मले द्यावी नाही लागली वं. मले कोणी बसूच दिलं नसतं. बारावी विज्ञान पायजे, मी दहावीतच अडकलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं पुस्तक मागून घेतलं. इंग्रजी त्यांना अडखळत वाचता यायचं. एकेका शब्दावर बोट ठेवून ते आधी पुस्तकातला प्रश्न विचारायचे, माझं उत्तर अक्षर-अक्षर ताडून बघायचे, आणि मग स्वतःची तीन बोटं वर करायचे. वेळ दुप्पट लागायचा. मी वैतागायचे, तेही वैतागायचे. पण कलमांपासून अर्धायुष्यापर्यंत सगळं त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं. ज्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, तेसुद्धा.

दुसऱ्या वेळी मी पास झाले. नोंदणी झाली. ते साहेब तोवर दुसऱ्या गावी गेले होते आणि आपला कागद घेऊन गेले होते. दुकानाचे मालक सेठ मला म्हणाले, "बेटी, सर्टिफिकेट इधर टांग दो, आप घर बैठो. काका संभाल लेंगे."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. काकांचं काम त्यानंच टिकणार होतं. मी पूर्ण वेळ बसले तर दोघांना ठेवणं जमणार नाही, असं सेठनी सांगून टाकलं होतं.

काका पुढं आले. "इतकं पाठ केलं ते भिंतीले टांगाले का वं? ते साहेब एक झाले, तू दुसरी नको होऊ. ती बसंल, सेठ. मी जातो."

मी खूप भांडले. सेठशी भांडले, काकांशी त्याहून जास्त. काकांचं एकच म्हणणं, "कागदावर मी इथं कधी होतोच कुठं? जाले काय लागते?" महिनाअखेरीला ते कळमेश्वरला मुलाकडं राहायला गेले. निघताना त्यांनी माझ्या फ्रेमची काच पुसली. दुकान त्यांना येत होतं आणि कागद मला मिळाला होता, याचा राग मला अजून येतो. कोणावर काढावा ते मात्र कळत नाही.

पाच-सहा महिन्यांनी काका आले. काउंटरच्या बाहेरून. गुडघ्यावर हात दाबत म्हणाले, "गुडघा लय दुखते, डायक्लोफेनॅकची एक पट्टी दे. रात्रभर झोप नाही."

"डाक्टरची चिठ्ठी?"

"मले चिठ्ठी मागते?"

"नाही देता येत, काका."

"काहून?" त्यांचा आवाज चढला. मागची दोन गिऱ्हाइकं बघू लागली. कोणे एके काळी मी इथं रडकुंडीला यायचे. आता मीच हात वर केला, तीन बोटं उभी केली.

"पोटात अल्सर आहे त्याले नाही." एक बोट मिटलं.

"किडनी खराब आहे त्याले नाही." दुसरं मिटलं.

काका माझ्या तिसऱ्या बोटाकडं बघत राहिले. मग सवयीनं त्यांच्या तोंडून निघालंच, "तिसरा?"

"तुम्ही," मी म्हटलं.