दारातला वॉचमन
सोनचाफ्याचा वास आला की आजही माझा हात दचकून लॅपटॉपकडे जातो. आमच्या गास गावात शेजारच्या मावशींची चाफ्याची वाडी होती आणि फुलं बाजारात नेणाऱ्या टेम्पोवाल्याला रोज फोन करण्याचा त्यांचा त्रास वाचवायला मी पायथनमध्ये वेबसाइट बनवली होती. संध्याकाळी मावशींनी टोपल्यांचा आकडा भरायचा, पहाटे टेम्पोवाल्याने तो बघून यायचं. "पुढचा वेब सर्व्हर म्हणजे वॉचमन," मी ऐटीत समजावलं, "येईल त्याला तो आत माझ्या प्रोग्रामकडे पाठवतो." दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पहिला आकडा भरला आणि मी समाधानाने लॅपटॉप मिटला. सर्व्हरवरचा प्रोग्राम मी याच लॅपटॉपमधून हाताने सुरू केला होता. लॅपटॉप मिटला की जोडणी तुटून तोही मरतो, हे या पंडिताला ठाऊक नव्हतं. सकाळी वाडीत हॉर्न वाजलाच नाही. ओट्यावर मोसमातला फुलांचा सगळ्यात मोठा तोडा ओल्या फडक्याखाली वाट बघत होता आणि ऊन एकेक पायरी चढत होतं. गोड वास हळूहळू जड झाला, मग आंबूस. टेम्पोवाला फोनवर म्हणाला, "पान उघडलंच नाय, मला वाटलं आज सुट्टी." तोवर पाकळ्या तपकिरी पडल्या होत्या. मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. वेब सर्व्हर चालू आहे पण आतला माझा प्रोग्रामच मेलाय, हे मी सांगितल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तुझा वॉचमन दारात उभा हाय रे बाबा, पन घरात कोन नाय," आणि काळवंडलेली ओंजळभर फुलं माझ्या हातात ठेवली, "घे, त्याला हार घाल." आता माझे प्रोग्राम आपोआप उठतात, मी मेलो तरी चालतील. मावशी मात्र अजून फोनच करतात.