राहिलेली ओटी

सिंधूला कुंदाचं केळवण जुन्या पद्धतीनंच करायचं होतं. आमच्या आळीत तेव्हा चहा, बिस्किटं आणि फोनोग्राफची टूम निघाली होती. नवरी खुर्चीवर बसायची, बायका चहा प्यायच्या आणि उठायच्या. सिंधू म्हणाली, "हे काय केळवण आहे? हे तं मुनसिपाल्टीची मीटिंग आहे."

ती अकोल्याची, मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातली. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन अमरावतीला आली. शिक्षण मराठी चौथी. नवरा हरिहर मेळघाटात सेमाडोहला लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून होता. तो महिन्यातून एकदा घरी यायचा. एरवी घरात ती आणि एक बहिरी आतेसासू.

कुंदा आळीतलीच, आमच्या दोघींहून लहान. तिला आई नव्हती, म्हणून केळवण सिंधूनं आपल्या घरी, अंगावर घेतलं. कुंदाचं एक लग्न ठरून मोडलं होतं. साखरपुड्याच्या आठवड्यातच मुलाचे आजोबा गेले, आणि लोकांनी तिचा पायगुण काढला. हे दुसरं स्थळ अकोल्याच्या वकिलाचं. मुलाची काकू, आशाबाई, केळवणाला स्वतः येणार होती. ती काय पाहायला येणार होती, ते सगळ्यांना कळत होतं.

तीन दिवस सिंधू खपली. नांदगाव पेठेहून केळीचे खांब आणवले. झेंडूच्या माळा भिंतीला ताणून लावू दिल्या नाहीत. "झोका पडला पायजे," म्हणायची. प्रत्येक पानाभोवती वेगळी रांगोळी तिनं आधी पाटीवर काढून पाहिली. खेळांचा क्रमही तिचा. आधी कवड्या, मग फुगडी, मग उखाणे. "जेवल्याबरोबर फुगडी घालायले लावली तं पुरणपोळी वर येते." शेवटी ओटी.

"ओटी मी भरीन," ती म्हणाली. "तिची माय नाही तं मी."

हरिहरचं पत्र पंधरा दिवसांत आलं नव्हतं. पावसाळा संपला की मेळघाटात ताप येतो, हे आळीतल्या पोरांनाही माहीत होतं. माळ ओवताना सिंधूच्या बोटात सुई गेली. तिनं रक्त पाहिलं, पदराला पुसलं आणि पुढचं फूल घेतलं.

केळवणाच्या दिवशी तारवाला आला तेव्हा चौकात उष्टी पानं उचलणं चाललं होतं. सव्वा वाजला होता. दाराशी मी होते. मी सही केली.

मी त्या वर्षी बी. ए. झाले होते. घरातल्या पंधरा बायकांत इंग्रजी वाचणारी मी एकटी.

"कोनाची?" सिंधू मागून आली. हातात पानाचं तबक होतं.

"तुझ्या नावाची."

तिनं तबक खाली ठेवलं. मी पाकीट फोडायला घेतलं तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

"उघडू नको."

"सिंधू, पाहू तर दे."

"तू पाहिलं का तुह्या तोंडावर दिसन. मग आशाबाईले दिसन." ती हळू बोलत होती. "आपल्या आळीत तार कशाची येते? सांग."

माझ्या आठवणीत आळीत तीन तारा आल्या होत्या. तिन्ही मरणाच्या.

"या घरात आज रडणं झालं तं कुंदीचं हेही लग्न मोडन. ती घरी जाऊ दे. तवर थांब."

मी थांबले. मी तार पोलक्यात ठेवली. कागद गार होता. थोड्या वेळानं तो माझ्याइतकाच गरम झाला.

कवड्या झाल्या. सिंधू कुंदाच्या बाजूनं खेळली आणि जिंकली. फुगडीला ती माझ्यासमोर आली. आम्ही गरगर फिरलो. साडेतीनला परतवाड्याची शेवटची मोटर सुटली, तिचा भोंगा चौकात ऐकू आला. तेव्हा तो नुसता भोंगा होता.

आशाबाई भिंतीला टेकून सगळं पाहत होती. "सूनबाई, हात काहून थरथरून राहिले तुमचे?"

"पहाटपासून पुरण वाटलं ना, काकू."

"पुरण चांगलं झालं होतं," आशाबाई म्हणाली. पण नजर काढली नाही.

बाहेरच्या खोलीतल्या घड्याळात पाचाचे ठोके पडले तेव्हा उखाणे सुरू होते. एकेकीनं नाव घेतलं. सिंधू पाण्याचे पेले भरत राहिली. शेजारच्या जमुनावहिनींनी तिला हेरलं.

"नाव घ्या सिंधूबाई. का जंगलातला वाघ ऐकन म्हणून भेव वाटते?"

बायका हसल्या. मला वाटलं ती आत निघून जाईल. तिनं पेला ठेवला, केळीचा खांब धरला.

"मोर्णेच्या काठी माहेर, अमरावतीत घर;
हरिहरराव जंगलात, जीव माझा वाटेवर."

"अवं, जीव वाटेवर तं चूल कोन पाहते?" जमुनावहिनी म्हणाल्या. पुन्हा हसू झालं. सिंधूही हसली. खांबाची साल तिच्या नखांत अडकली होती.

मग ओटी. कुंदा चौरंगावर बसली, तिनं पदर पसरला. सिंधूनं ताट उचललं. तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. ती चौरंगापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. मी पोलक्यावर हात दाबून धरला.

"वहिनी, तुमी भरा," ती जमुनावहिनींना म्हणाली. "तुमी मोठ्या."

कुंदानं वर पाहिलं. "ताई, तू भरणार होतीस ना?"

"मोठं माणूस असताना मी कशी भरू?"

"रीत कळते पोरीले," आशाबाई म्हणाली. दिवसभरात तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

तारेत काय असेल ते सिंधू धरून चालली होती. तसं असेल तर आपल्या हातची ओटी कुंदाच्या पदरात पडू नये, हे तिनं चार पावलांत ठरवलं होतं. नाव मात्र तिनं घेतलं होतं. ते तिचं स्वतःचं होतं.

दिवे लागले तेव्हा सगळ्या गेल्या. कुंदा दारातून दोनदा मागं वळली. सिंधू तोरणाखाली बसली.

"आता वाच."

मी वाचली. पुन्हा वाचली. मग मराठीत सांगितली. हरिहर फार आजारी. परतवाड्याच्या दवाखान्यात. ताबडतोब या.

"म्हणजे आहेत?"

"आहेत."

ती तशीच अनवाणी मोटरस्टँडकडे धावली. मी मागून. सकाळी सहाशिवाय मोटर नव्हती.

आम्ही साडेसातला पोचलो. दवाखान्याच्या ओसरीवर ठेकेदाराचा माणूस, सूर्यभान, उकिडवा बसला होता. आम्हाला पाहून तो उठला आणि त्यानं पागोटं काढलं. त्यावरूनच कळलं.

"पहाटे," तो म्हणाला. "तार काल सकायीच केली होती, बाई."

सिंधू ओसरीच्या पायरीवर बसली. मग तिनं विचारलं, "काल पाच वाजता कसे होते?"

"पाचले? चांगले बोलत होते. पानी पेले. मोटरचा भोंगा वाजला तं म्हणे, पाह्य रे, आली का ती."

सिंधू मान हलवत राहिली.

"मी नाव घेतलं तवा ते होते, अनू."

"हो."

"म्हणजे ओटी भरता आली असती."

तिनं मला दोष दिला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. मी सव्वा वाजता वाचली असती तर साडेतीनची मोटर मिळाली असती.

कुंदाचं लग्न ठरल्या तिथीला झालं.

सिंधू भावाकडे अकोल्याला गेली. पुढच्या वर्षी मलाही तिथंच मास्तरणीची नोकरी मिळाली. जुन्या शहरात कुणाकडे केळवण असलं की बायका तिला विचारायला यायच्या. तोरण कुठं, खेळ कोणता आधी. ती माजघराच्या उंबऱ्याआडून सगळं सांगायची. केळवणाच्या चौकात मात्र पाय ठेवायची नाही.

एका दुपारी मी तिच्याकडे बसले होते. कुंदा आली. सातवा महिना होता तिला. डोहाळजेवण दोन दिवसांवर आलं होतं. मला वाटलं, माळा कशा लावायच्या ते विचारायला आली असेल. ती सिंधूसमोर पाट घेऊन बसली आणि तिनं पदर पसरला.

"भर," ती म्हणाली.

सिंधूनं हात मागे घेतले. "येडी झाली का? आशाबाई ऐकन तं घरात घेणार नाही तुले."

"आताची नाही मागत. त्या दिवशीची राहिली आहे, ती दे. तेव्हा जिजाजी होते. अनूताईनं सांगितलं मला."

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. मग कुंदाच्या पोटाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. शेजारच्या ओट्यावर दोन बायका गहू निवडत होत्या. कुंदानं पदर आवरला नाही.

सिंधू उठली. तांदळाच्या डब्याशी गेली. झाकणावर हात ठेवून थांबली.

"अनू," ती म्हणाली, "दार लाव."