खोडावरचं दगडफूल

आमच्या चौकातल्या आंब्याच्या खोडावर तळहाताएवढं दगडफूल उरलं होतं, करड्या-हिरव्या रंगाचं. पूर्वी अख्खं खोड त्याने भरलेलं असायचं. मग रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या आणि ते आक्रसत गेलं. हवा बिघडली की दगडफूल मरतं. त्याला खोटं बोलता येत नाही. म्हणून कामावर जाताना मी आधी ते बघायचे, मग ‘हवा समाधानकारक’ असं सांगणारा चौकातला फलक.

आज कोणी बडे पाहुणे येणार म्हणून झाडांना गेरू-चुना लावणं चाललं होतं. रंगवणाऱ्याने तारेच्या ब्रशने ते दगडफूल खरवडून काढलं.

“अहो, ते का काढलंत?”

“घाण होती, ताई. साहेब म्हणाले, खोडं स्वच्छ दिसली पाहिजेत.”

माझं डोकं फिरलं. हवा घाण करायची आणि तसं सांगणाऱ्यालाच घाण म्हणून खरवडायचं. पण या माणसावर चिडून काय उपयोग, हुकूम त्याचा नव्हता. त्याने नाकातोंडाला रुमाल घट्ट बांधला होता. चुन्यामुळे का, असं मी विचारलं.

“चुन्याचं काही नाही हो,” तो म्हणाला. “या चौकात श्वासच घेववत नाही.”