ताठ हात

माळा आवरताना बेसबॉलचा माझा हातमोजा सापडला, त्याच्या चामड्याला अजून मलमाचा उग्र वास होता आणि एकदम फरीदाबादच्या शाळेचं मैदान आठवलं. मी शाळेच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, होते आणि थोडे चेंडू टाकले की उजवं कोपर आतून ठणकायला लागायचं. खेळ सोडावा लागतो की काय, असं वाटत होतं. एका संध्याकाळी बाबा ऑफिसातून थेट मैदानावर आले. आमच्या बेसबॉलच्या सरांनी मला चेंडूशिवाय नुसता हात फिरवायला लावला आणि विचारलं, "क्रिकेट किसने सिखाया?" मी बाबांकडे बघितलं. गल्लीत गोलंदाजी करताना माझा हात जरा वाकला, की बाबा "बट्टा, नो बॉल" म्हणायचे; बट्टा म्हणजे वाकल्या हाताने फेकलेला चेंडू. त्या सवयीने मी बेसबॉलही ताठ हातानेच फेकत होते. "कोहनी मोड़ो, कंधे तक उठाओ, और पहले कमर घुमाओ," सर म्हणाले. तसं केलं, आणि कोपर चक्क गप्प राहिलं. बाबा जवळ आले. "मुड़ा हुआ हाथ चलता है यहाँ?" "साहब, यहाँ वही चलता है." बाबांनी बॅग खाली ठेवली, माझ्याकडून चेंडू घेतला आणि हात वाकवून फेकला. तो थेट कॅचरच्या मोज्यात धाडकन बसला. "आप कहाँ खेलते थे?" सरांनी विचारलं. "कहीं नहीं," बाबा म्हणाले, "बट्टा बोलके टीम से निकाल दिया था." आज मोजा हातात घेऊन मी विचार करतेय, की त्यांच्या गावात तेव्हा कुणी बेसबॉल खेळत असतं तर.